व्यापार शिकवायला आलेले पाहुणे

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मी बिझनेस स्कूलविषयी बोलणार आहे हे कळल्यावर दोन-चार कविमित्र हसले. त्यांचेही बरोबर आहे. माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेही मराठी घेऊन. नोकरी सहकारी बँकेत केली, ती पोटासाठी. पण या विषयापर्यंत मला नेले ते एका कवीनेच.

ख्रिस्तोफर ओकिग्बो हे त्याचे नाव. आधुनिक आफ्रिकेच्या इंग्रजी कवितेतले हे फार मोठे नाव. नायजेरियातल्या इबादानच्या कॉलेजात त्याने लॅटिन आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. १९६०च्या सुमारास तो न्सुक्का नावाच्या गावी, नव्याने उघडलेल्या विद्यापीठात सहायक ग्रंथपाल झाला. पुढे १९६७ मध्ये देशात यादवी युद्ध पेटले, तेव्हा हा कवी हातात बंदूक घेऊन लढायला गेला आणि त्याच न्सुक्काच्या परिसरात मारला गेला. वय पस्तिशीच्या आसपास. कवितेचा माणूस ज्या ग्रंथालयात बसत होता ते विद्यापीठ कोणी काढले, कशासाठी काढले, एवढीच उत्सुकता मला होती. शोधता शोधता लक्षात आले की आफ्रिकेत येऊन व्यापाराचे शिक्षण देऊ पाहणाऱ्या परदेशी विद्यापीठांच्या गोष्टीतले एक महत्त्वाचे पान इथेच उघडते.

आधी तेव्हाचा नायजेरिया डोळ्यांसमोर आणा. १ ऑक्टोबर १९६०ला देश स्वतंत्र झाला. तोवर उच्च शिक्षणाचे नाव म्हणजे इबादान. ते १९४८चे, लंडन विद्यापीठाला जोडलेले. पदवीवर शिक्का लंडनचा. स्वातंत्र्याच्या वेळी तिथले विद्यार्थी हजाराच्या आसपास. तिथे ग्रीक शोकांतिका शिकायची सोय होती; एक कवी म्हणून माझी त्याला हरकत नाही, ओकिग्बोही तिथूनच आला. पण व्यापार-व्यवस्थापनाला त्या कॉलेजात जागा नव्हती. आणि देश तर व्यापाऱ्यांचा! पामतेल, कोको, शेंगदाणा परदेशी जाई, कापड आणि लोखंडी सामान आत येई. पण या मोठ्या आयात-निर्यातीची सूत्रे युनायटेड आफ्रिका कंपनी, जॉन होल्ट अशा परदेशी पेढ्यांच्या हाती होती. बँकाही इंग्रजांच्या. आफ्रिकी व्यापाऱ्याला कर्ज मिळणे महाकठीण.

हे दुखणे ज्याला नेमके ठाऊक होते तो माणूस म्हणजे न्नामदी अझिकिवे. लोक त्यांना प्रेमाने ‘झिक’ म्हणत. अमेरिकेत शिकले, काळ्या विद्यार्थ्यांसाठीच्या हॉवर्ड आणि लिंकन या विद्यापीठांत. परत येऊन १९३७ मध्ये वर्तमानपत्र काढले, ते चालवले आणि त्यावर पैसाही मिळवला. मग स्वतःची बँक काढली, आफ्रिकन कॉन्टिनेंटल बँक. पुढे ते पूर्व नायजेरियाचे पंतप्रधान झाल्यावर सरकारी पैसा या बँकेत ठेवल्याबद्दल १९५६ मध्ये चौकशी आयोग बसला. आयोगाने त्यांच्यावर ठपका ठेवला, आणि १९५७ची निवडणूक मात्र त्यांनी जिंकली. मतदारांचे म्हणणे बहुधा असे असावे की इंग्रजांच्या बँकेला कोणी असे प्रश्न विचारत नाही. मी बँकेत दिवस काढलेला माणूस, मला आयोगाचे म्हणणेही पटते आणि मतदारांचेही!

या झिकनी ठरवले की इबादानसारखे दुसरे कॉलेज नको. १९५५ मध्ये पूर्व विभागाच्या विधिमंडळाने विद्यापीठाचा कायदा केला. १९५८ मध्ये आराखडा करायला तिघे पाहुणे आले. एक इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाचे कुक, आणि दोघे अमेरिकेच्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे: तिथले अध्यक्ष जॉन हॅना आणि त्यांचे सहकारी ग्लेन टॅगर्ट.

हॅना हे गृहस्थ मोठे गमतीचे. त्यांची पदवी होती कुक्कुटपालनाची. शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर जाऊन कोंबड्या कशा पाळाव्यात हे सांगण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि विद्यापीठाच्या अध्यक्षपदावर पोचले. मिशिगन स्टेटही १८५५ सालचे शेतकी कॉलेज. विद्यापीठाने शेतात, दुकानात, कारखान्यात उतरावे, हा त्या परंपरेचा धर्म. आपल्याकडची राहुरी, अकोल्याची कृषी विद्यापीठे याच अमेरिकी नमुन्याच्या घरातली आहेत.

७ ऑक्टोबर १९६०ला न्सुक्काचे विद्यापीठ उघडले. स्वातंत्र्याला पुरता आठवडाही झाला नव्हता. विद्यार्थी २२०, शिक्षक १३. पहिले कुलगुरू जॉर्ज जॉन्सन हे कृष्णवर्णीय अमेरिकी कायदेपंडित. पगार, तज्ज्ञ, पुस्तके यांसाठी अमेरिकी सरकारच्या मदतीचा करार. आणि देशातल्या अगदी पहिल्या व्यवसाय-प्रशासनाच्या पदवी अभ्यासक्रमांपैकी एक इथे सुरू झाला. ब्रीदवाक्याचा अर्थ सांगायचा तर, माणसाची प्रतिष्ठा त्याला परत मिळवून देणे. ज्यांच्या अंगठ्याशिवाय पामतेलाचे पिंप हलत नव्हते पण ज्यांना कंपनीच्या कचेरीत खुर्ची मिळत नव्हती, त्यांना ते वाक्य पोकळ वाटले नसणार.

इंग्रजी परंपरेतल्या विद्वानांनी नाके मुरडली. सेक्रेटरीच्या कामाची पदवी? पत्रकारितेची, शारीरिक शिक्षणाची, हिशेबाची पदवी? हा तुच्छतेचा सूर आपल्या ओळखीचा आहे. माझ्या कॉलेजातही कॉमर्सच्या मुलांकडे आम्ही कला शाखेचे लोक असेच पाहत असू. आमच्यापैकी पुष्कळांना पुढे नोकरी त्यांच्याच हाताखाली मिळाली.

पाहुणे काही केवळ परोपकार म्हणून आले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. शीतयुद्धाचे दिवस होते. नव्या देशांतले शिकलेले तरुण मॉस्कोकडे वळू नयेत ही काळजी वॉशिंग्टनला होती. याच मिशिगन स्टेटचा १९५५ ते १९६२ या काळात व्हिएतनाममध्येही एक प्रकल्प होता, पोलिस आणि प्रशासनाच्या प्रशिक्षणाचा. त्या प्रकल्पाच्या आडून अमेरिकी गुप्तहेर खात्याची माणसे वावरत होती, हे १९६६ मध्ये ‘रँपार्ट्‌स’ मासिकाने उघड केले, तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. न्सुक्काची गोष्ट तशी नव्हती. तिथे आलेले बहुतेक जण वर्गात उभे राहून शिकवणारे मास्तर होते. पण मदत करणाऱ्या देशाचा हिशेब मदतीत असतोच. तो चुकीचाच असतो असे मी म्हणत नाही. तो वाचता आला पाहिजे. व्यापार शिकायला निघालेल्या मुलांनी तर आधी तोच वाचायला हवा.

त्याच काळात बाकीच्या शहरांतही असेच संसार मांडले गेले. सर एरिक अ‍ॅश्बी यांच्या आयोगाने १९६०च्या अहवालात लागोसला व्यापारशिक्षण द्यावे, तेही दिवसा आणि संध्याकाळी, नोकरदारांना जमेल असे, ही शिफारस केली. १९६२ला लागोस विद्यापीठ निघाले, व्यापारशाखेच्या मदतीला न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आली. उत्तरेत झारियाच्या प्रशासन संस्थेला पिट्‌सबर्ग विद्यापीठाने हात दिला. प्रत्येक पाहुण्याच्या पेटीत पुस्तके होती. पुस्तके चांगलीच होती. पण त्यांतली दुकाने शिकागोची होती.

हे मला जरा सविस्तर सांगायचे आहे. बिझनेस स्कूलमध्ये ‘केस’ नावाचा प्रकार असतो. एखाद्या धंद्यापुढचा खरा पेच गोष्टीसारखा लिहायचा, शेवट सांगायचा नाही, आणि वर्गाला विचारायचे, तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते? ही पद्धत हार्वर्डने नावारूपाला आणली. आम्हा बँकवाल्यांनाही एका प्रशिक्षणात अशी केस दिली होती. अमेरिकेतल्या कुठल्याशा दुकानांच्या साखळीची. आम्ही पंचवीस जण, त्यात जिल्ह्याच्या गावांहून आलेले निम्मे, दोन दिवस त्या दुकानांच्या मालसाठ्यावर भांडलो. आमच्या शाखेत मात्र बांगडीवाले, केळीचे व्यापारी, म्हशीसाठी कर्ज मागणाऱ्या विधवा असे खातेदार यायचे. त्यांची गोष्ट कोणी केस म्हणून लिहिली नव्हती. तोट्याची बाब काय, तर दोन दिवसांनंतर मला मालसाठ्याची सूत्रे आली, पण बांगडीवाल्याचा हंगाम लग्नसराईत असतो आणि त्याचा हप्ता त्यानुसार बांधावा, हे मला त्या बांगडीवाल्यानेच शिकवले.

आता न्सुक्काकडे परत येतो. हे इग्बो लोकांचे विद्यापीठ. याच पूर्व विभागात, नायजर नदीच्या काठी, ओनित्शा नावाचे शहर आहे आणि तिथला बाजार पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक. या बाजाराचे स्वतःचे बिझनेस स्कूल होते आणि आहे. त्याला इमारत नाही. इग्बो भाषेत त्याला ‘इग्बा-बोयी’ म्हणतात. गावाकडचा पोरगा शहरातल्या व्यापाऱ्याच्या घरी राहायला येतो. त्या मालकाला ‘ओगा’ म्हणायचे. पोरगा झाडलोट करतो, माल वाहतो, मग गिऱ्हाईक ओळखायला शिकतो, मग दर करायला, मग गल्ला सांभाळायला. पगार नाही, जेवण, कपडे, छप्पर. पाच-सात वर्षांची मुदत ठरलेली. मुदत भरली की ओगाने त्याला भांडवल द्यायचे, दुकान थाटून द्यायचे, आणि हो, आपली गिऱ्हाइकेही थोडी वाटून द्यायची. म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचा स्पर्धक उभा करायचा! अमेरिकी पुस्तकात हे कुठल्या प्रकरणात बसवणार?

आपल्याला मात्र हे समजायला वेळ लागत नाही. मराठीत त्याला शब्दच आहे: उमेदवारी. निवडणुकीची नव्हे, पेढीवरची. माझे थोरले बंधू, भाईजान, सोलापुरात एका कापडाच्या पेढीवर अशीच उमेदवारी करत होते. पहिले वर्षभर त्यांना कापड मोजू दिले नाही, फक्त घड्या घालायच्या. बोटांना कापड कळले पाहिजे, असे शेठ म्हणत. चार वर्षांनी भाईजाननी स्वतःचे दुकान टाकले तेव्हा पहिला माल त्याच पेढीवरून उधारीवर आला. कागद झाला नाही. शेठ हिंदू, आम्ही मुसलमान, जामीन कोणी नाही.

ओनित्शाच्या बाजारात आणखी एक गोष्ट पिकत होती, तिच्यामुळे माझ्यातला कवी तिथे रेंगाळतो. १९४०च्या दशकापासून युद्ध सुरू होईपर्यंत तिथले छोटे छापखाने स्वस्त पुस्तिका छापत. प्रेम कसे करावे, पत्र कसे लिहावे, पैसा कसा मिळवावा आणि मिळालेला कसा टिकवावा. आपल्याकडे जत्रेत, एसटी स्टँडवर मिळायची तशी. इंग्रजी मोडकेतोडके, पण जिवंत. नव्याने शहरात आलेल्या पोरांचा तो अभ्यासक्रमच होता. या पुस्तिकांवर १९७३ मध्ये महत्त्वाचा ग्रंथ लिहिला तो इमॅन्युएल ओबिएचिना यांनी. ते न्सुक्काचेच प्राध्यापक, पण साहित्याचे. विद्यापीठ शेवटी बाजारात गेले ते साहित्याच्या दाराने, याचा मला थोडा अभिमान वाटतो. काही अर्थतज्ज्ञांनी पूर्व नायजेरियातल्या छोट्या कारखान्यांची पाहणी केली होती, नाही असे नाही. पण कारखाने मोजणे निराळे आणि ओगाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला वर्गातली गोष्ट करणे निराळे.

मग युद्ध आले. ३० मे १९६७ला पूर्व विभागाने ‘बायाफ्रा’ म्हणून स्वातंत्र्य पुकारले. जुलैत लढाई सुरू झाली आणि त्याच महिन्यात न्सुक्का केंद्र सरकारच्या फौजांनी घेतले. पाहुणे आपापल्या देशी परतले. ग्रंथालयाची धूळधाण झाली. अडीच वर्षांत उपासमारीने आणि गोळीने माणसे लाखांनी मेली. जानेवारी १९७०मध्ये बायाफ्राने शरणागती पत्करली.

त्यानंतरचा एक सरकारी निर्णय इग्बो माणूस आजही विसरलेला नाही. युद्धाच्या काळात बायाफ्रात ज्यांनी बँकखाती वापरली होती, त्यांना खात्यात कितीही रक्कम असो, सरसकट २० पौंड देण्यात आले. शंभरवाल्यालाही वीस आणि दहा हजारवाल्यालाही वीस. मी स्वतः पासबुकांवर सही करणारा माणूस. त्या काउंटरवर उभ्या असलेल्या कारकुनाचा विचार मनात येतो. समोरच्याचे खाते त्याला पाठ असेल. तो काय बोलला असेल?

त्यात दोन वर्षांनी, १९७२ला, परदेशी कंपन्यांचे हिस्से नायजेरियन माणसांनी विकत घ्यावेत असा हुकूम निघाला. देशात हिस्से विकले जात होते, आणि इग्बोंच्या खिशात वीस पौंड! अशा वेळी ते उभे राहिले ते कशाच्या बळावर, असे विचारले तर बहुतेक इग्बो इग्बा-बोयीचे नाव घेतील. युद्धातून वाचलेल्या एखाद्या काकाने, गाववाल्याने पोराला हाताशी धरले, सुट्या भागांचे, कापडाचे, औषधांचे दुकान उघडले, त्या पोराने पुढे दुसऱ्याला धरले. विद्यापीठही पुन्हा उघडले, व्यवसाय-प्रशासनाचे वर्ग भरू लागले. पण मिशिगनचा तो जुना घरोबा काही परत आला नाही. पुढे १९८६ नंतर नायजेरियाचे चलन कोसळले, प्राध्यापकांचे पगार कवडीमोल झाले आणि शिकलेली माणसे देशाबाहेर गेली. ज्यांना घडवायला पाहुणे आले होते, ती माणसेच पाहुण्यांच्या देशी निघाली.

यानंतरच्या भागीदाऱ्यांची तऱ्हा वेगळी. स्पेनच्या बार्सिलोनात १९५८ मध्ये निघालेले ‘आयेसे’ हे बिझनेस स्कूल १९६३ पासून हार्वर्डकडून शिकत होते. त्याच आयेसेने पुढे लागोस बिझनेस स्कूलला मदत केली, ते १९९१चे. नैरोबीच्या स्ट्रॅथमोर बिझनेस स्कूललाही, ते २००५चे. म्हणजे हार्वर्डची केस बार्सिलोनाच्या वाटेने आफ्रिकेत पोचली. वाटेत ती थोडी बदलली. चीनचेही तसेच. शांघायचे ‘सीब्‌स’ हे बिझनेस स्कूल १९९४ मध्ये युरोपच्या मदतीने उभे राहिले आणि २००९ मध्ये त्यांनी स्वतःच घानाच्या अक्रा शहरात वर्ग उघडले. पंधरा वर्षांत शिष्याचा गुरू झाला. अक्रातच २००२ला अशेसी हे कॉलेज एका भाड्याच्या घरात तीस विद्यार्थ्यांवर सुरू झाले. त्याचे संस्थापक पॅट्रिक अवुआ हे घानाचे, मायक्रोसॉफ्टमधली नोकरी सोडून बर्कलेच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकायला गेलेले. हे कॉलेज चालेल का याची पाहणी त्यांच्या बर्कलेच्या सहाध्यायांनी घानात जाऊन केली. इथे यजमानाने बोलावले आणि काय हवे तेही यजमानानेच सांगितले. न्सुक्कातही झिकनी बोलावले होते, पण पगारपत्रक वॉशिंग्टनचे होते. मला हा फरक मोठा वाटतो.

आणि आपण? आपणही एकेकाळी यजमानच होतो. १९६१ मध्ये अहमदाबादचे आयआयएम हार्वर्डच्या आणि कलकत्त्याचे एमआयटीच्या साह्याने निघाले. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ची, तिला साथ स्टॅनफर्डची. न्सुक्का, लागोस आणि मुंबई ही एकाच लाटेवरची गावे. आपले नशीब बरे की मधे युद्धाने वर्ग बंद केले नाहीत. अहमदाबादच्या प्राध्यापकांना भारतीय केसेस लिहायला वेळ मिळाला. संचालकपद सोडल्यावर रवि मथाई तर १९७५ मध्ये राजस्थानातल्या जवाजा भागात विणकर आणि चर्मकारांबरोबर काम करायला गेले. एवढी उसंत न्सुक्काला कुठे मिळाली?

२००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी दक्षिण आफ्रिकेत, आफ्रिकी देशांच्या संसदेपुढे, उपग्रहाने भारत आणि आफ्रिकेच्या विद्यापीठांना जोडण्याची कल्पना मांडली. २००७ला इथिओपियात तिची चाचणी झाली, २००९ला ती रीतसर सुरू झाली. भारतातल्या स्टुडिओत प्राध्यापक बोलत आणि आफ्रिकेतल्या वर्गांत पडद्यासमोर मुले एमबीए शिकत. २०१९ पासून तिचा पुढचा अवतार ‘ई-विद्याभारती’ या नावाने आला, इंटरनेटवरून. २०२३ला तर मद्रासच्या आयआयटीने झांझिबारला शाखाच उघडली. म्हणजे आता पेटी घेऊन जाणारे पाहुणे आपण आहोत. त्या पेटीत काय भरले आहे, हे एकदा उघडून पाहायला हवे. धारावीच्या चामड्याची आणि मुंबईच्या डबेवाल्यांची गोष्ट आपण मोठ्या हौसेने जगाला सांगतो. ती सांगून झाल्यावर पडद्यापलीकडच्या मुलाला ‘तुझ्या बाजारात कसे चालते’ असे आपला प्राध्यापक विचारतो का? विचारले, तर ते लिहून घेतो का?

२०२१च्या मे महिन्यात ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने न्दुबुइसी एकेक्वे या नायजेरियन उद्योजकाचा लेख छापला. विषय इग्बोंची उमेदवारी. भांडवल वाटून समाज कसा वर आणता येतो, याचा नमुना म्हणून. न्सुक्काचे विद्यापीठ उघडल्याला तेव्हा साठ वर्षे उलटून गेली होती.

त्या लेखातली हकीकत मी भाईजानना मराठीत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारले, ‘मुदत भरत आली आणि ओगाने काही दिलेच नाही तर?’ प्रश्न अचूक होता. हा करार बहुधा तोंडी असतो, आणि शेवटच्या वर्षी चोरीचा आळ घालून पोराला रिकाम्या हाताने हाकलणारे ओगाही असतात. ही तक्रार इग्बो समाजात जुनी आहे. मी तसे सांगितले. भाईजान म्हणाले, ‘आमच्या पेठेतही दोघे तसे होते. पोरे त्यांची नावे आधीच विचारून घ्यायची.’